जाळ्याचं टोक आकाशालाच राहू द्या

प्रति,
जुन्या सुपरहिरो कार्टूनांचे हक्क आणि मूळ रिळं ज्यांच्या ताब्यात आहेत, त्या सर्व कंपन्या, वाहिन्या आणि ओटीटी चालवणारी मंडळी यांस,

सप्रेम नमस्कार.

मे महिन्याच्या सुट्टीत माझी आठ वर्षांची भाची माझ्याकडे राहायला आली होती. ऊन उतरेपर्यंत घराबाहेर पडायचं नाही म्हटल्यावर दुपारी करायचं काय? मी तिला १९६७ सालचा ‘स्पायडरमॅन’ लावून दिला. दहा मिनिटं ती एकटक बघत होती. मग मान वाकडी करून म्हणाली, “आत्या, त्याचं जाळं वर कशाला चिकटलंय?”

मी बघितलं. स्पायडरमॅन न्यूयॉर्कच्या सगळ्या इमारतींच्या वरून मजेत झोके घेत चालला होता. त्याच्या डोक्यावर इमारत नव्हती, क्रेन नव्हती, साधा ढगही नव्हता. जाळ्याची दोरी सरळ वर जात होती आणि पडद्याच्या कडेबाहेर नाहीशी होत होती. मी खरं ते सांगितलं, “कशालाच नाही.” पोरगी हसून हसून सोफ्यावरून खाली आली. पुढचा आठवडाभर आमचा एकच उद्योग होता. जुनी सुपरहिरो कार्टूनं लावायची आणि त्यातलं विचित्र तर्कशास्त्र हुडकायचं.

त्याच आठवड्यात एका ठिकाणी अशाच एका जुन्या मालिकेची ‘नवी झळाळी दिलेली’ आवृत्ती आमच्या बघण्यात आली. मूळ चौकट जवळजवळ चौकोनी असते. ती आजच्या लांबट पडद्यात बसवण्यासाठी वरून-खालून कापली होती, त्यामुळे नायकांचे कपाळापासून वरचे भाग गेलेले. हालचाली एखाद्या यंत्राने मधल्या फ्रेम घालून इतक्या गुळगुळीत केल्या होत्या की माणसं तेलात बुडवून काढल्यासारखी सरकत होती. भाची पाच मिनिटांत उठून गेली. हे पत्र मी त्यामुळे लिहिते आहे.

मी नव्वदच्या दशकात मुंबईतल्या एका अॅनिमेशन स्टुडिओत इन-बिटवीनर होते. मुख्य चित्रकार हालचालीची महत्त्वाची चित्रं काढतो, त्यांच्या मधली चित्रं आम्ही भरायची. त्यामुळे या कार्टूनांकडे बघताना मला आधी टेबलं दिसतात, खालून दिवा लावलेली काच दिसते, आणि मग नायक. हिशेब साधा आहे. एका सेकंदाला २४ फ्रेम. बावीस मिनिटांच्या भागाला ३१,६८०. एक चित्र दोन-दोन फ्रेम धरून ठेवलं तरी १५,८४० चित्रं. दर आठवड्याला नवा भाग हवा असेल तर एवढी चित्रं कोणी काढूच शकत नाही. मग हात वाचवायचा. पात्र उभं करायचं, फक्त ओठ हलवायचे. एकदा काढलेली धाव पुन्हा पुन्हा वापरायची. आपल्याला जे वेडगळ वाटतं त्यातलं निम्मं इथून येतं.

स्पायडरमॅनचंच घ्या. कॉमिकमध्ये त्याच्या पोशाखावर छाती-खांद्यांपर्यंत जाळ्याची बारीक नक्षी असते. १९६७ च्या कार्टूनमध्ये ती मुखवटा, हातमोजे आणि बूट एवढ्यावरच उरली. अंगभर जाळं काढायचं म्हणजे प्रत्येक चित्रात शे-दीडशे रेषा वाढल्या, आणि त्या प्रत्येक चित्रात जागच्या जागी बसायला हव्यात. ज्याने ही नक्षी पुसायची ठरवली त्याला मी मनापासून हात जोडते. मालिका करणारा ग्रॅन्ट्रे-लॉरेन्स स्टुडिओ पहिल्या वर्षानंतर दिवाळखोरीत गेला आणि पुढचे भाग क्रान्ट्झ फिल्म्सकडे, राल्फ बक्षी यांच्या हाताखाली गेले. पैसे आणखी आटले. तिथून पुढे न्यूयॉर्कचं आकाश हिरवं, जांभळं, गुलाबी व्हायला लागलं, आणि स्पायडरमॅन त्याच त्या गच्च्यांवरून पुन्हा पुन्हा जाऊ लागला. एका भागात तर कहरच. ‘रॉकेट रॉबिन हूड’ नावाच्या दुसऱ्याच मालिकेतला एक भाग उचलून, त्यात रॉबिन हूडच्या जागी स्पायडरमॅन बसवून तो पाचव्या मितीतल्या संकटाची गोष्ट म्हणून दाखवला. भाचीने विचारलं, “अमेरिकेत आकाश हिरवं असतं?” मी म्हटलं, उरलेला रंग कोणता होता त्यावर ते ठरत असावं. पण खरं सांगू? ती हिरवी-जांभळी आकाशं आजही अंगावर काटा आणतात. रात्रीचं शहर इतकं एकाकी आणि भुताळ दिसतं की त्याच्या पुढे आजची चकचकीत संगणकी शहरं पुठ्ठ्याची वाटतात.

पैसा होता तेव्हा गोष्टीत तर्क होता का, असा प्रश्न कोणी विचारील. नव्हता. १९४१ मध्ये आलेलं सुपरमॅनचं कार्टून करायला पॅरामाउंट या चित्रपट कंपनीने कार्टून बनवणाऱ्या फ्लायशर बंधूंना सांगितलं. त्यांना ते काम नको होतं, म्हणून डेव्ह फ्लायशर यांनी एका छोट्या फिल्मचे एक लाख डॉलर सांगितले, समोरचा नाही म्हणेल या आशेने. पॅरामाउंटने आकडा निम्म्यावर आणला आणि करा म्हणून सांगितलं. त्या पैशात जे झालं ते आजही डोळे दिपवतं. सावल्या बघा, यंत्रांचं वजन बघा. आणि गोष्ट? ‘द मेकॅनिकल मॉन्स्टर्स’मध्ये एका शास्त्रज्ञाने आकाशात उडणारे, माणसाच्या कितीतरी पट मोठे यंत्रमानव बनवले आहेत. एक नाही, अख्खी पलटण. आणि तो त्यांना पाठवतो कुठे, तर बँक फोडायला आणि दागिने पळवायला! डोंगर पोखरून उंदीर म्हणतात तो हाच. त्या एका यंत्रमानवाचा नकाशा विकला असता तरी तसले दागिने त्याने पोत्याने आणले असते. पण यंत्रमानव दागिने आपल्या आत भरून घेतो ते दृश्य एकदा बघा. हा प्रश्न त्या वेळी मनात येतच नाही. तो प्रश्न रात्री जेवताना येतो.

सुपरमॅनच्या उडण्याची गोष्टही तशीच आहे. मूळ कॉमिकमध्ये तो उडत नसे, लांब उड्या मारत असे. चित्रात ते शोभत होतं. पण हलत्या चित्रात अख्ख्या शहरभर टणाटणा उड्या मारणारा माणूस टोळासारखा दिसतो, हे फ्लायशरच्या चित्रकारांच्या लक्षात आलं. मग तो सरळ उडायला लागला. सुरुवातीचा निवेदक मात्र त्याच्या उंच इमारतींवरून एका झेपेत उडी मारण्याचंच कौतुक करत राहिला. ज्याला उडता येतं त्याच्या उडीचं कौतुक! जगभरातली मुलं आज टॉवेल मानेला बांधून, हात पुढे करून पळतात, त्याचं थोडंफार मूळ चित्रकारांच्या या अडचणीत आहे. त्या दिवशी कोणी ‘उडी बरोबर आहे, मूळ पुस्तकात तसंच आहे’ म्हणून हट्ट धरला असता तर?

आता माझ्या अत्यंत लाडक्या मालिकेकडे येते. ‘सुपर फ्रेंड्स’. एबीसी या अमेरिकन वाहिनीवर ८ सप्टेंबर १९७३ ला सुरू झाली, हॅना-बार्बेरा स्टुडिओची. सुपरमॅन, बॅटमॅन, रॉबिन, वंडर वुमन आणि अॅक्वामॅन एकत्र, आणि सोबत कसलीही शक्ती नसलेले वेंडी, मार्विन आणि त्यांचा कुत्रा. मंडळी, या मालिकेतलं तर्कशास्त्र म्हणजे खजिना आहे.

पहिली गोष्ट, इथे कोणी कोणाला ठोसा मारत नाही. बॅटमॅन! ज्याच्याकडे ठोशाशिवाय भांडवल नाही, तो हात पाठीमागे ठेवून समजूत घालतो. खलनायक बहुतेक वेळा खलनायकही नसतो. एका भागात जगात अन्न-पाणी कमी पडतंय म्हणून एक शास्त्रज्ञ सगळ्या माणसांना लहान करायला निघतो. दुसऱ्यात माणसाचे सगळे कष्ट वाचवणारा महासंगणक येतो आणि त्यात उंदीर शिरल्यामुळे जगभर गोंधळ उडतो. त्या उंदरासाठी सुपरमॅन! आमच्या घरात सापळा लावतात.

यामागचं कारण हसण्यासारखं नाही. १९६८ च्या एप्रिलमध्ये मार्टिन ल्यूथर किंग यांची आणि जूनमध्ये रॉबर्ट केनेडी यांची हत्या झाली. घरोघरच्या टीव्हीवर इतकी हिंसा का, असा प्रश्न अमेरिकेत मोठ्याने विचारला जाऊ लागला. त्याच वर्षी पेगी चॅरेन आणि इतर काही मातांनी मॅसॅच्युसेट्समध्ये ‘अॅक्शन फॉर चिल्ड्रन्स टेलिव्हिजन’ ही संघटना उभी केली. शनिवार सकाळची मारधाडीची कार्टूनं, ‘स्पेस घोस्ट’सारखी, मागे पडली. पाच वर्षांनी सुपरहिरो परत आले ते हात बांधून आले. लेखकांसमोर कोडं होतं: ज्याच्या मुठीत पर्वत फोडायची ताकद आहे तो मूठ न वळता काय करेल? त्यांनी दिलेली उत्तरं कधी कधी बावळट आहेत, हे मी मान्य करते. पण १९७३ मध्ये, तेलाच्या संकटाच्या वर्षी, लहान मुलांच्या कार्टूनमध्ये ‘साधनं संपतायत, मग आपण काय करायचं’ हा प्रश्न विचारला गेला आणि त्याचं उत्तर बोलून शोधलं गेलं. हे मला आज मोठं वाटतं.

दुसरी गोष्ट, वंडर वुमनचं अदृश्य विमान. अदृश्य आहे, पण दिसतं. दिसायलाच हवं, नाहीतर बाई आकाशात पाय पुढे करून बसल्यासारखी दिसेल. म्हणून पांढऱ्या रेषांनी विमानाची बाह्याकृती काढली. म्हणजे शत्रूला काय दिसत असेल? आत बसलेली, भडक रंगाचे कपडे घातलेली बाई तर सगळ्यांनाच दिसते! भाचीच्या मते हे विमान फक्त विमानापासून लपतं.

अॅक्वामॅनची अडचण जगजाहीर आहे. तो माशांशी मनाने बोलतो, त्याच्या कपाळातून गोल गोल लहरी निघतात आणि देवमासे धावून येतात. जमिनीवर त्याला काम नाही. मग लेखक प्रत्येक गोष्टीत कुठेतरी समुद्र, तळं, निदान धरण तरी आणतात. संकट वाळवंटातलं असलं तरी कथा वळसा घेऊन पाण्याजवळ येते. मला या माणसाबद्दल फार माया आहे. गटात आपल्याला जमणारं काम निघेपर्यंत शांतपणे उभं राहणं किती जणांना जमतं?

आणि १९७७ मध्ये वंडर ट्विन्स आले. झॅन आणि जेना, परग्रहावरची जुळी भावंडं, सोबत ग्लीक नावाचं निळं माकड. मुठीला मूठ लावली की दोघांची शक्ती जागी होते. जेनाला कुठलाही प्राणी होता येतं. झॅनला पाण्याचं कुठलंही रूप घेता येतं: बर्फ, वाफ, नुसतं पाणी. वाटणीच बघा! बहीण गरुड होते, भाऊ पाणी होतो. आता पाणी उडत तर नाही. म्हणून ग्लीक कुठून तरी बादली काढतो, झॅन बादलीत पडतो आणि गरुड झालेली बहीण भावाला बादलीतून घेऊन उडते. विश्वाच्या रक्षणाला निघालेला वीर बादलीत डचमळतोय. वाटेत हिंदकळून सांडला तर त्याचा हात सांडला की पाय? माझ्या भाचीने हा प्रश्न रात्री झोपताना अतिशय काळजीने विचारला. मला उत्तर देता आलं नाही.

पण दुसऱ्या दिवशी ती आणि शेजारचा मुलगा मुठीला मूठ लावून गच्चीवर खेळत होते. तो पाणी, ती गरुड. घरातली खरी बादलीही वर नेली होती. खेळायला खेळणं विकत आणावं लागत नाही, दोन मुठी पुरतात. ज्या लेखकाला हे सुचलं त्याला मुलं कळत होती.

१९७८ च्या ‘चॅलेंज ऑफ द सुपर फ्रेंड्स’मध्ये शेवटी खरे खलनायक मिळाले, लेक्स लूथरच्या हाताखाली एकंदर तेरा. यांच्याकडे काळात मागे जाण्याचं यंत्र आहे. एका भागात ते सुपरमॅन, वंडर वुमन आणि ग्रीन लँटर्न यांच्या जन्मकथाच बदलायला भूतकाळात जातात. तिघांच्याच! बाकीच्यांना का सोडलं? वेळ तर त्यांच्याकडे अक्षरशः कितीही होता. आणि प्रत्येक भागाच्या शेवटी ही तेरा माणसं हातात सापडूनही निसटतात, पुढच्या शनिवारी कामावर हजर व्हायचं असतं म्हणून. हे सगळं चालू असताना निवेदक आपल्याला डोळ्यांनी दिसतंय तेच धीरगंभीर आवाजात सांगत राहतो. चित्रापेक्षा वाक्य स्वस्त पडतं. तो मध्येच आपल्याला हॉल ऑफ जस्टिस या नायकांच्या मुख्यालयात घेऊन जातो, आणि ती इमारतसुद्धा एका खऱ्या इमारतीवरून काढली आहे. सिनसिनाटी शहरात १९३३ मध्ये उघडलेलं युनियन टर्मिनल नावाचं रेल्वे स्टेशन, अर्ध्या घुमटाचं. हॅना-बार्बेराची मालक कंपनी टॅफ्ट ब्रॉडकास्टिंग त्याच शहरातली. जगाच्या रक्षणाचं मुख्यालय म्हणजे मालकाच्या गावचं स्टेशन, हे कळल्यावर मला अगदी घरच्यासारखं वाटलं.

आता एक गोष्ट जिथे हसू थांबतं. १९४२ मध्ये, युद्धाच्या काळात, याच सुपरमॅनच्या मालिकेत ‘जॅपोटर्स’ नावाचा भाग निघाला. त्यात जपानी माणसं ज्या विटंबनेने काढली आहेत ती बघवत नाहीत. ‘सुपर फ्रेंड्स’मध्येही पुढे वेगवेगळ्या वंशांचे नायक आणायचे म्हणून अॅपाची चीफ, ब्लॅक व्हल्कन, सामुराई घातले. हेतू चांगला होता, पण नावापासून बोलण्यापर्यंत सगळं ऐकीव साच्यातलं. अॅपाची चीफ, म्हणजे अमेरिकेतल्या मूळनिवासी अॅपाची लोकांतला नायक, एक शब्द म्हणतो आणि प्रचंड मोठा होतो. त्या माणसाबद्दल, त्याच्या लोकांबद्दल आपल्याला आणखी काही कळत नाही. या चुका बादलीतल्या झॅनसारख्या नाहीत, त्यांनी खऱ्या माणसांना दुखावलं आहे. माझी विनंती याही बाबतीत तीच आहे: कापू नका, लपवू नका. भागाच्या आधी दोन सरळ वाक्यं लिहा, कुठल्या काळात, कोणाविरुद्ध, काय केलं गेलं. मूल आठ वर्षांचं असलं तरी त्याला कळतं. मी सांगितलं तेव्हा भाचीला कळलं.

आमच्या पिढीने दूरदर्शनवर ‘ही-मॅन’ बघितला, त्याबद्दल थोडंसं. राजपुत्र अॅडम तलवार उंचावतो, ही-मॅन होतो. बदलतं काय? कपडे उतरतात आणि रंग जरा रापतो. चेहरा तोच, केस तेच, मुखवटा नाही. सख्ख्या बापासकट जवळजवळ कोणी ओळखत नाही. आम्ही लहानपणी यावर तासन् तास वाद घातले. हातात एवढी मोठी तलवार, पण ती कुणा माणसाच्या अंगाला लावायची नाही. आणि शेवटी एक पात्र समोर येऊन त्या दिवसाचा धडा सांगणार. फिल्मेशन कंपनीने याचे १३० भाग केले आणि तीच धाव, तोच रोखून मारलेला ठोसा त्यात शेकडो वेळा वापरला. पण काम परदेशी स्वस्तात न देता आपल्याच चित्रकारांच्या हाती ठेवायचं, हा कंपनीचे प्रमुख लू शायमर यांचा आग्रह होता. ती धाव पुन्हा दिसली की मला आता त्यामागे कुणाचा तरी टिकलेला पगार दिसतो. माझ्या स्वतःच्या टेबलावर तर दुसऱ्या बाजूचं काम यायचं, दूरदेशीहून स्वस्त पडतं म्हणून पाठवलेलं. तेही मी प्रेमानेच केलं.

त्या स्टुडिओत एका रात्री पहाटे तीनला आम्ही सेल, म्हणजे चित्रांचे पारदर्शक कागद, रंगवत होतो. नायकाचा पट्टा एका शॉटमध्ये पिवळ्याऐवजी केशरी झाला. लक्षात आलं तेव्हा पेटी विमानतळाकडे निघाली होती. तो भाग तसाच प्रसारित झाला. आज तुम्ही तो पट्टा एका कळीसरशी पिवळा करू शकता. कृपा करून करू नका. त्या केशरी रंगात चार मुलामुलींची अख्खी रात्र आहे, आणि आमच्यातल्या कोणाचंच नाव त्या भागाच्या श्रेयनामावलीत नाही. आम्ही तिथे होतो याची खूण म्हणून तो एक पट्टाच उरला आहे.

म्हणून मागणं एवढंच. ही कार्टूनं मूळ चौकटीत दाखवा, डोकी-पाय न कापता. धूळ झाडा, फाटलेली फीत सांधा, उडालेला आवाज परत आणा, हे सगळं जरूर करा. पण मधल्या फ्रेम यंत्राने भरू नका. जिथे चित्रकाराने चित्र काढलं नाही तिथे ते न काढण्याचा निर्णय त्याचा होता. चुकलेले रंग राहू द्या, हिरवं आकाश हिरवंच ठेवा. मूळ श्रेयनामावली पूर्ण चालवा, पाचव्या सेकंदाला ‘पुढचा भाग’ म्हणून ढकलू नका. ज्यांची नावं त्यात नाहीत ती कागदपत्रांतून सापडत असतील तर जोडा. ही माणसं म्हातारी होत चालली आहेत. आणि जमलं तर मराठीत डब करा. त्या गंभीर निवेदकाचा आवाज मराठीत काय घुमेल!

सुट्टी संपताना भाचीने मला एक चित्र काढून दिलं. स्पायडरमॅन झोका घेतोय, खाली इमारती, आकाश जांभळं. जाळ्याची दोरी वर गेली आहे आणि कागदाच्या अगदी कडेला तिने एक छोटा, जाड ठिपका काढला आहे. मी विचारलं, हा काय? ती म्हणाली, “चिकटलं ना इथे.” तो कागद मी माझ्या जुन्या टेबलाच्या काचेखाली ठेवला आहे.

आपली,
नव्वदच्या दशकातली एक इन-बिटवीनर
मुंबई